स्थिर संकेतस्थळाचे स्वयंचलित प्रकाशन : एक ऐतिहासिक टिपण

सांगली व मिरज यांच्या दरम्यान वसलेल्या विश्रामबागेत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. लिनक्स या संगणकप्रणालीची गोडी असलेल्या विद्यार्थ्यांचा एक संघही तेथे आहे. घरच्या यंत्रावर लिहिलेला मजकूर एका आज्ञेसरशी स्वतःच्या सर्व्हरवर प्रकाशित करणे, ही गोष्ट अशा विद्यार्थ्यास आज नित्याची वाटते. तिची घडण कसकशी झाली, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. वाचकाने मागणी करताच जे पृष्ठ नव्याने जुळवले जाते ते चल. जे आधीच सिद्ध करून ठेवलेले असून जसेच्या तसे दिले जाते ते स्थिर. या तत्त्वाचे एक उदाहरण विश्रामबागेपासून हाकेच्या अंतरावर घडले आहे. नाना फडणिसांच्या उत्तेजनाने पुण्यातील एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या संपादन केली. १८०० मध्ये नाना निवर्तले. पुढे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली मिरजेस अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापण्यात आली. या मुद्रणाचा संकेतस्थळाशी वंशसंबंध अर्थातच नाही. साम्य आहे ते तत्त्वाचे. मुख्य श्रम कोरण्याच्या वेळी. प्रत काढताना ते पुन्हा करावे लागत नाहीत. मात्र कोरताना राहिलेली चूक प्रत्येक प्रतीत उतरणार.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या संशोधनसंस्थेत पहिले संकेतस्थळ उभारले, तेही स्थिरच होते. अशा फाइली दूरच्या यंत्रावर नेण्याची एक रीत आधीच उपलब्ध होती. कानपूरच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी १९७१ साली फाइल-वहनाचे नियम प्रथम लिहून काढले होते. तथापि या रीतीने एकेक फाइल हाताने चढवताना एखादी विसरे, आणि मग निम्मी पृष्ठे नवी व निम्मी जुनी असा प्रकार होई. शिवाय परवलीचा शब्द उघडाच प्रवास करी.

हे दोष क्रमाने दूर झाले. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी एस.एस.एच. हा सुरक्षित मार्ग निर्माण केला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्रयू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी आरसिंक रचले. दोन्हीकडील प्रतींची तुलना करून केवळ बदललेले अंश पाठवणे, हे त्याचे वैशिष्ट्य. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स यांनी गिट निर्माण केले व प्रत्येक बदलाची नोंद राहू लागली. नोंद सर्व्हरवर पोहोचताच ठरलेली आज्ञावली आपोआप चालावी, अशी सोयही गिटमध्ये आहे. स्वयंचलित प्रकाशनास आणखी काय हवे होते? साध्या लेखनातून पृष्ठे सिद्ध करणारे साधन. २००८ साली आलेल्या जेकिलने ते लोकप्रिय केले.

प्रत्यक्ष पद्धती अशी. आज्ञावली नवी पृष्ठे निराळ्या कप्प्यात सिद्ध करते. सर्व पूर्ण झाल्यावरच सर्व्हरचा निर्देश जुन्या कप्प्यावरून नव्यावर वळवते. वाचकास अर्धवट पृष्ठ कधीच दिसत नाही. जुना कप्पा शिल्लक असल्याने चूक आढळताच निर्देश माघारी नेता येतो. मिरजेच्या कारागिरास ही सवलत नव्हती.

सर्व्हर स्वतःचाच कशास हवा, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर इतिहासच देतो. जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पृष्ठे ठेवली होती. २००९ मध्ये याहूने ती अमेरिकेत व बहुतेक जगभर बंद केली आणि ज्यांच्या प्रती कोणी जपल्या नाहीत ती पृष्ठे नाहीशी झाली. परक्याच्या वाड्यातील दप्तर मालकाच्या मर्जीवर असते. स्वतःच्या यंत्राची देखभाल, किल्ल्यांची जपणूक व प्रतींचा संग्रह हे कष्ट खरे. परंतु स्थिर फाइली उचलून दुसऱ्या यंत्रावर नेणे सुलभ असते, हा त्यांचा मोठाच गुण होय.

सारांश, यंत्राने हरकाम्याचे श्रम घेतले, संपादकाचे घेतलेले नाहीत. उलट, पूर्वी वाहून नेण्याच्या विलंबात चूक लक्षात येण्यास अवसर मिळे. आता लेखकाची आज्ञा हेच प्रकाशन. म्हणून तपासणी आज्ञेच्या आधीच झाली पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी मजकूर ताडून पाहणे जितके अगत्याचे होते, तितकेच ते आजही आहे.