पाण्याची चावी

नरकचतुर्दशीची पहाट होती. बालाघाटातल्या आमच्या जुन्या घरात खाली दादा-वहिनी, मागल्या अंगाला धाकटा आणि माडीवर आम्ही, असे तीन संसार एका छपराखाली राहतात. अभ्यंगाची गडबड सुरू होती आणि दादांच्या न्हाणीतली तोटी पीळ मोडून हातातच आली. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळू लागली. कुणी अंगठा लावला, कुणी फडके कोंबले. पण गच्चीवरच्या भरल्या टाकीचे पाणी ते, अंगठ्याला कशाला जुमानते! धाकटा गच्चीवर धावला. टाकीखाली एक गेट व्हॉल्व्ह होता, टाकी बसवली त्या वर्षीचा. त्याचे चाक फिरवले तर ते फिरतच राहिले. आतला दांडा केव्हाच तुटलेला. त्याशिवाय साऱ्या घरात पाणी बंद करायला दुसरी जागा नव्हती. तीन बिऱ्हाडांचे पाणी एका तोटीवाटे वाहून जात होते आणि वरच्या बिऱ्हाडाची अंगे तेलाने माखलेली.

शेवटी काकूंनी लाटण्याला फडके गुंडाळून पुतण्याच्या हाती दिले. तो टाकीत अर्धाअधिक शिरला आणि तळाशी असलेल्या भोकात त्याने लाटणे ठोकून बसवले. धार थांबली. दिवाळीसाठी भंडाऱ्याकडून आलेल्या आत्या हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुडुमात गुडदी घातली म्हणा की!"

आत्यांच्या त्या वाक्याने या लेखाची सुरुवात झाली. तुडुम हा शब्द आमच्या मुलांना नवा होता, आणि नवा नसायला हवा होता.

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदियाच्या भागात, कोहळी लोकांनी बांधलेले शेकडो तलाव आहेत. पुढे मालगुजारीच्या काळात त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. पाळ बांधून पाणी अडवणे हे त्या विद्येचे अर्धेच अंग. उरलेले अर्धे म्हणजे अडवलेले पाणी हवे तेव्हा, हवे तेवढेच सोडता येणे. पाळीतून पाणी बाहेर काढायच्या मोरीला तुडुम म्हणतात. मोरीची तोंडे लाकडी गुडद्यांनी बंद ठेवायची आणि धानाला पाणी हवे झाले की गुडदी काढायची. पाळ फोडून पाणी घेणारा शेतकरी एकदाच पाणी घेतो. गुडदी काढून घेणारा दरवर्षी घेतो. नळाच्या भाषेत सांगायचे तर तुडुम हा तलावाचा व्हॉल्व्हच होय.

पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. तिथे कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि माणूस आत उतरून तो साफ करी. शहरात पाणी हौदांत पडे. कसब्यातला साततोटी हौद तर नावातच आपल्या तोट्या मोजून दाखवतो. त्याहून शेदीडशे वर्षे आधी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, नहर आणली. तिच्यावरच्या उंच मनोऱ्यांना तिकडे बंब म्हणतात. मलिक अंबर १६२६ साली वारला, नहर त्याच्यामागे कित्येक पिढ्या वाहत राहिली. या योजनांचे कौतुक करताना आपण नेहमी लांबी सांगतो, किती कोसांवरून पाणी आणले ते. मला कौतुक वाटते ते वाटेतल्या थांब्यांचे. सारी वाहिनी एकसंध, तोंडापासून शेवटापर्यंत बंदिस्त असती, तर पहिल्याच बिघाडाला सगळे शहर कोरडे पडले असते.

ही अक्कल आपलीच होती असे नव्हे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत घरांतल्या शिशाच्या नळांवर काशाच्या चाव्या सापडल्या आहेत. आत भोक पाडलेला गोल खुंट. तो फिरवला की भोक नळाच्या रेषेत येते नाहीतर आडवे होते. धनिकाच्या अंगणातले कारंजे बंद करून न्हाणीघर चालू ठेवता येत असे. आज बाजारात चौथाई फेऱ्यात बंद होणारा जो बॉल व्हॉल्व्ह मिळतो, त्याचे तत्त्व हेच. खुंटाच्या जागी गोळी आली इतकेच.

दाबाखालच्या लोखंडी नळांचे युग आले तेव्हा खुंट पुरेना. १८४० च्या आगेमागे जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश यंत्रकाराने (वाफेच्या घणामुळे प्रसिद्ध असलेला तोच) मोठ्या नळांसाठी पाचरीच्या आकाराचा सरकता पडदा असलेला व्हॉल्व्ह काढला. पाचर जितकी खाली दाबावी तितकी दोन्ही बाजूंना घट्ट बसते. आपल्या गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह त्याच कुळातला. १८४५ साली इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावी गेस्ट आणि क्राइम्स यांच्या कारखान्यातून आट्याने खाली बसणारी तोटी बाहेर पडली. मोरीवरची आपली साधी तोटी, जिचा वायसर दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, ती तिची पणती.

ही सामग्री लवकरच आपल्याकडे पोहोचली. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आले. नागपुरात भोसलेकालीन अंबाझरी तलावाचा बांध १८७० च्या दशकाच्या आरंभी वाढवून शहरात नळ टाकले गेले. त्या कामावरचे इंजिनिअर अलेक्झांडर बिनी पुढे लंडनचे मुख्य इंजिनिअर झाले. त्या काळी मध्यप्रांतात आमचा बालाघाट जिल्हा नागपूर विभागातच मोडत होता. जिल्हा १८६७ चा. भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे भाग जोडून केलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. नळ मात्र दोन्हीकडे एकाच रीतीने आले, आणि एक खोडही दोन्हीकडे सारखीच आली.

नळाचे पाणी ठराविक वेळेलाच सुटे. लंडनमध्येही एकोणिसाव्या शतकात बराच काळ हीच स्थिती होती. पाणी सोडणाऱ्याला तिथे टर्नकॉक म्हणत. मुंबईत त्याला चावीवाला म्हणतात. आमच्या गल्लीतही लांब दांड्याचा पाना खांद्यावर घेऊन सायकलवर येणारा एक गृहस्थ होता. रस्त्यातले झाकण उघडून तो पाना फिरवी आणि घराघरात "नळ आले!" अशी हाक उठे. तासाभराने पुन्हा येऊन तो बंद करी. घरची तोटी बिघडली तरी कुणाची झोप उडत नसे. तासाभराचा प्रश्न, पुढे पाणी आपोआप बंद. बंद करायची चावी रस्त्यात आणि ती फिरवणारा माणूस सरकारी. घरात चावी ठेवायची गरजच कुणाला वाटली नाही. इथेच आपले चुकले असे मला वाटते. पुढे गच्चीवर टाक्या आल्या, पंप आले आणि घरात चोवीस तास दाबाखाली पाणी उभे राहिले. प्रत्येक घर एक छोटे नगर झाले, पण नगरात चावीवाला नेमायचा राहून गेला. आमच्या घराचेच पाहा. वाटणीत खोल्या वाटल्या, भांडी वाटली, आंब्याचे झाडही वर्षाआड वाटले. पाइप तेवढा वाटला नाही. एकाकडे वायसर बदलायचा तर तिघांचे पाणी जायचे, आणि त्यावरून झालेले अबोले मी मोजलेले नाहीत.

आता थोडे शब्दांविषयी. घरात आम्ही तोटी म्हणतो, बाजारात टोंटी. व्हॉल्व्हला मिस्त्री वाल म्हणतो. मराठी पुस्तकात त्याला झडप म्हणतात आणि हिंदी पुस्तकात कपाट. हिंदी शाळेत जाणारा आमचा नातू एकदा आजीला म्हणाला, "हृदयात चार कपाटं असतात." आजीने विचारले, "आणि किल्ल्या कुणाकडे?" दोन भाषांच्या घरात असे चालायचेच.

कपाट असो की झडप, त्याचे गुण ओळखून घ्यावेत. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद ठेवायचा. अर्धवट ठेवून धार कमी करायला तो नव्हे, त्याने पाचर झिजते. बोअरच्या जड पाण्यात तो वर्षानुवर्षे एकाच जागी राहिला की क्षार धरतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी दांडा तुटतो. आमचे तेच झाले होते. बॉल व्हॉल्व्हची मूठ पाइपच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. अंधारातही हाताला कळते. एक टाकीच्या बुडाशी, एकेक प्रत्येक बिऱ्हाडाच्या फाट्यावर आणि एक गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी, इतके असले तर एका न्हाणीचे दुखणे दुसऱ्या न्हाणीला भोवत नाही.

गीझरच्या बाबतीत मात्र जपून. आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब वरून उघडा असे. पाणी कितीही उकळले तरी वाफेला वाट होती. गीझर बंद भांडे आहे. त्याच्या तोंडची चावी बंद करण्याआधी विजेचे बटण बंद करावे. त्याला जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्याच्या वाटेवर कधीही दुसरी चावी बसवू नये, की त्याचे ठिबकणारे तोंड वैतागून बुजवू नये. पाणी तापले की फुगते आणि त्याला जायला तीच एक वाट उरते.

तांब्यावरून आठवले. आमच्या जिल्ह्यातल्या मलाजखंडला १९८२ पासून तांब्याची मोठी खाण चालते. पितळ असो की गनमेटल, चांगल्या व्हॉल्व्हमध्ये निम्म्याहून अधिक तांबेच असते. खनिज इथून बाहेर जाते आणि जालंधरचे व्हॉल्व्ह, जामनगरचे पितळी सामान आमच्या बाजारात येते. आता २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे खेड्यांतही घरोघर नळ पोहोचताहेत. नवा नळ लागलेल्या एका नातेवाइकाकडे गेलो असता मी आधी चावी कुठे आहे ते विचारले. "चाबी? ते पंचायतीचा माणूस बघतो," असे उत्तर मिळाले.

त्या पाडव्याला आमच्याकडे मिस्त्री आला. त्याने सुताला सफेदा लावून चार नवे व्हॉल्व्ह बसवले. खर्च तिघांत वाटला गेला आणि त्यावरून एकही शब्द झाला नाही, ही नोंद करण्याजोगी गोष्ट. प्रत्येकाजवळ भिंतीवर रंगाने लिहून ठेवले आहे: दादा, माडी, मागे, टाकी. दर वसुबारसेला साफसफाईत चारही चाव्या एकदा बंद करून उघडायच्या असे ठरले आहे. यंदा पुतण्याने फिरवल्या. मागची जरा जड चालते म्हणाला. लाटणे मात्र काकूंनी परत स्वयंपाकात घेतले नाही; ते टाकीच्या झाकणाशेजारी दोरीला टांगलेले आहे.