ड्रोन, परदेशप्रवासातील

प्रवाशाने परदेशी सोबत नेलेला कॅमेऱ्याचा ड्रोन उडवण्याविषयीचे नियम. साऱ्या जगात चालेल असा एकच परवाना नाही; ज्या देशाच्या आकाशात ड्रोन चढतो, तिथलाच कायदा लागू होतो.

जाण्याआधी सराव करायचा तर तो घरी, उदाहरणार्थ उत्तर नागपुरातील जरीपटक्यातही, गच्चीवरून सहज करता येत नाही. भारताच्या ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी अंतरात २०० फुटांपेक्षा उंच जायला परवानगी लागते, ५ ते ८ किमीत तर जमिनीपासूनच. सोनेगावचा विमानतळ एका बाजूला आणि कामठीची लष्करी छावणी दुसऱ्या बाजूला असल्याने ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावाच.

मोरोक्कोत ड्रोन सीमाशुल्कातच अडवून ठेवतात, म्हणून तो घरी ठेवून जाणे बरे. अमिरातीत २०२२मध्ये अबू धाबीवर झालेल्या ड्रोन हल्ल्यानंतर हौशी उड्डाणे बंद झाली. पुढे बंदी सैल झाली, पण नोंदणी लागतेच. युरोपीय संघात कॅमेऱ्याचा ड्रोन २५० ग्रॅमांहून हलका असला तरी चालकाला नोंदणी करावी लागते. ती पहिल्यांदा ज्या सदस्य देशात उडवाल तिथे करायची. उंचीची मर्यादा १२० मीटर. जपानमध्ये १०० ग्रॅमांपासूनच नोंदणी आहे. तेव्हा खोक्यावरच्या ‘२४९ ग्रॅम’ या आकड्यावर विसंबू नये. पात्यांचे रक्षक बसवले की तोही ओलांडला जातो.

सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्यात, टोकांवर चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण नसते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. ७.७ व्होल्ट, २२५० मिलिअँपिअर-तासांची छोटी बॅटरी १७ वॅट-तासांच्या आसपास भरते.

खरी अडचण परतताना येते, आणि नेमकी तीच घरात कोणी सांगत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच सूट मिळते. दुबईच्या दुकानात घेतलेला किंवा तिकडच्या मामाने भाच्याला दिलेला ड्रोन विमानतळावर जप्त होऊ शकतो. स्वतःचा ड्रोन नेणाऱ्याने निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक नीट उतरला आहे का ते तिथेच ताडून पाहावे आणि खरेदीची पावती पासपोर्टसोबत ठेवावी.