सावत्र बापाचा साक्षीदार

'सावत्र' या शब्दावर आपल्या भाषेने बराच अन्याय केला आहे. कुठे दुजाभाव दिसला की आपण लगेच 'सावत्र वागणूक' म्हणतो. आपल्या कहाण्यांतली सावत्र आई बहुधा छळच करते. सावत्र बाप मात्र त्यांत फारसा भेटत नाही. आज अशाच एका बापाची गोष्ट सांगायची आहे. तो अमेरिकेतला, आणि पेशाने लष्करी अधिकारी. त्याचे नाव रिचर्ड स्टॉडर्ट यूएल.

यूएलचा जन्म १८१७चा, जॉर्जटाउनचा. १८४० साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडला. मेक्सिकोच्या युद्धात लढला. पुढची उमेदीची वर्षे नैऋत्येच्या ओसाड सरहद्दीवर गेली. संसार झालाच नाही. लिझिंका नावाच्या मावसबहिणीवर तरुणपणी त्याचा जीव जडला होता, असे सांगतात; त्या समाजात अशी लग्ने होत. पण तिने १८३९ साली ब्राउन नावाच्या गृहस्थाशी लग्न केले. १८४४मध्ये ती विधवा झाली. पदरी मुले होती, आणि मोठी इस्टेटही.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. यूएल दक्षिणेकडून लढला. म्हणजे ज्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, त्यांच्या बाजूने. त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलताना हे विसरता येत नाही. लिझिंकाची इस्टेटही गुलामांच्याच श्रमावर उभी होती.

तिचा मुलगा कॅम्पबेल ब्राउन आईच्या लग्नाआधीच यूएलच्या हाताखाली अधिकारी म्हणून दाखल झाला होता. ऑगस्ट १८६२मध्ये ग्रोव्हटनच्या लढाईत यूएलच्या गुडघ्याला गोळी लागली आणि डावा पाय कापावा लागला. लिझिंकाने त्याची शुश्रूषा केली. मे १८६३मध्ये दोघांचे लग्न झाले. नवरदेव ४६ वर्षांचा होता. नव्या बायकोची ओळख तो 'माझी पत्नी, मिसेस ब्राउन' अशी करून देई, हा किस्सा आजही सांगितला जातो.

त्याच महिन्यात लाकडी पाय लावून तो रणांगणावर परतला. जनरल जॅक्सन नुकताच वारला होता. त्याच्या सैन्याचा मोठा भाग यूएलकडे आला. लगेच जुलैत गेटिसबर्ग. पहिल्या दिवशी संध्याकाळी समोर सेमेटरी हिल ही टेकडी होती. सरसेनापती लीचा हुकूम असा, की जमत असेल तर टेकडी घ्या, पण मोठी लढाई अंगावर ओढवून घेऊ नका. सैनिक थकलेले होते आणि एक डिव्हिजन अजून पोचायची होती. यूएल थांबला. लढाई हरली, आणि दोष त्याच्या माथी आला. 'जॅक्सन असता तर!' हे वाक्य त्याच्या नावाला कायमचे चिकटले. बायकोच्या तंत्राने चालतो, अशी कुजबुजही छावणीत होतीच.

एप्रिल १८६५मध्ये सेलर्स क्रीकला तो पकडला गेला. बॉस्टनच्या बंदरातल्या फोर्ट वॉरनमध्ये त्याला कैदेत ठेवले. कॅम्पबेलही त्याच्यासोबत कैदेत होता. लिंकनच्या खुनाची बातमी आली, तेव्हा यूएलने शत्रुपक्षाच्या ग्रँटला पत्र लिहून त्या कृत्याचा धिक्कार केला. सुटकेनंतर टेनेसीत स्प्रिंग हिलला त्याने शेती केली. जानेवारी १८७२मध्ये तापाच्या आजारात लिझिंका गेली. तीन दिवसांनी तोही गेला. आपल्या स्मारकावर अमेरिकेच्या सरकारचा अवमान होईल असे काही लिहू नये, अशी त्याची शेवटची इच्छा सांगितली जाते.

त्याची बाजू मांडली ती कॅम्पबेलने. जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले. ते लेखन २००१ साली पुस्तकरूपाने आले. हा साक्षीदार घरचाच, तेव्हा इतिहासकार त्याचे शब्द तोलूनमापून घेणार, आणि घ्यायलाच हवेत. पण हे नाते जन्मदात्या बापाचे नव्हते. वडील म्हणून मान देण्याची सक्ती कुणी केली नव्हती. एका छावणीत राहून, एका कैदेत दिवस काढून त्या मुलाने या माणसाला आपले मानले. 'सावत्र' म्हणताना आपण नाक मुरडतो, तेव्हा अशीही एक साक्ष इतिहासात आहे, एवढे लक्षात ठेवावे.