फाउस्टची दुसरी तबकडी
जर्मनीतील फाउस्ट या प्रयोगशील रॉक चमूची ‘सो फार’ ही दुसरी तबकडी १९७२ मध्ये पॉलिडॉर या ध्वनिमुद्रण कंपनीने काढली. निर्माते होते उवे नेटेलबेक. व्यूमे गावातल्या एका जुन्या शाळेत ही मंडळी राहत आणि तिथेच वाजवत.

१९७१ च्या पहिल्या तबकडीत ध्वनींच्या तुकड्यांची ठिगळे होती. इथे नऊ सुट्या रचना आहेत. सुरुवातीलाच ड्रमचा एकसुरी ठोका सात मिनिटे हटत नाही. त्यावर तेच ते शब्द घोळत राहतात आणि अखेरीस सॅक्सोफोन घुसतो. कंटाळा हेच इथे हत्यार आहे. लगेच गिटारची हळुवार, छोटीशी रचना येते, पुढे यंत्रांसारखी घरघर, आणि शेवट चक्क जुन्या रंगमंचीय जाझच्या थाटात. वेष्टन काळेकुट्ट, आत मात्र प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र चित्र.