तान्हा पोळा (यवतमाळ जिल्हा)

तान्हा पोळा : श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी विदर्भात भरणारा लहान मुलांचा पोळा. मोठ्यांच्या पोळ्यात जित्या बैलांची जोडी, इथे चाकांवरचा लाकडी नंदी. यवतमाळसारख्या कापूसपिकाच्या जिल्ह्यात बाप आणि लेकरांचा हा वर्षातला हक्काचा खेळ.

उगम : मुलांना बैलाचे मोल कळावे म्हणून नागपूरकर दुसरे रघूजी भोसले (मृत्यू १८१६) यांनी ही प्रथा सुरू केल्याचे परंपरा सांगते.

साज : नंदी सुतार घडवतो, पोळ्याच्या सुमारास बाजारातही तो मिळतो. घरात जुना असेल तर बाप माळ्यावरून काढतो, पुसतो, निखळलेले चाक ठोकून बसवतो. दोन दिवसांत त्याने खऱ्या जोडीसाठी जे जे केले, ते आता वीतभर अंगावर होते : खांद्याला हळद-तूप, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. कासऱ्याची गाठ मात्र लेकराने बांधायची. सैल पडली की बाप ती सोडतो आणि पुन्हा बांधायला लावतो.

खेळ : धोतर-फेट्यातली, नऊवारीतली पोरे चौकात किंवा देवळापुढे नंदी घेऊन रांगेत उभी राहतात. पूजा होते, कुठे सजावटीची स्पर्धाही. मग घरोघर फेरी. दारात नंदीचे औक्षण होते आणि मुलाच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे नाणी किंवा खाऊ. खड्ड्यात चाक अडले तर बाप मागून रेटा देतो. दाराशी मात्र तो दोन पावले मागे थांबतो, बोजारा मागायचा तो पोरानेच. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल पॅकेट यांनी २००४ मध्ये मांडले की बापाचा खेळ मुलाला बाहेरच्या जगात धीटपणे पाऊल टाकायला प्रवृत्त करतो. त्याच वेळी तो सुरक्षिततेची सीमाही आखून देतो.

तुलना : शेजारच्या छत्तीसगडातही पोळ्याला मुले बैल खेळवतात, तिथे ते मातीचे असतात.

सद्यस्थिती : ट्रॅक्टर आल्यापासून अनेक दावणी रिकाम्या झाल्या. यवतमाळ, वणी, पुसद या शहरांतल्या कित्येक मुलांनी औत जवळून पाहिलेलेही नसते. अशा घरात जू कुठे बसते, शिवळ कशाला लागते, हे बापाला लाकडी नंदीच्या मानेवर काडी आडवी ठेवूनच दाखवावे लागते.