दिनविशेष : 23 डिसेंबर 1954 – मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे पहिले यश

बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात या दिवशी एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवण्याची शस्त्रक्रिया प्रथमच खऱ्या अर्थाने यशस्वी झाली. शस्त्रक्रिया डॉ. जोसेफ मरे यांची. 1990 चे नोबेलही त्यांना मिळाले. पण डॉ. जॉन मेरिल या मूत्रपिंडविकारतज्ज्ञाचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, हे खटकते.

नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ यांच्या डायलिसिस यंत्राची सुधारित आवृत्ती ब्रिगहॅममध्ये तयार झाली, तिचा उपयोग मेरिल यांनी रुग्णांसाठी केला. त्यांच्या रुग्णांपैकीच एक असलेल्या, अवघ्या तेवीस वर्षांच्या रिचर्ड हेरिकची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्याला रोनाल्ड हा जुळा भाऊ आहे, हे कळताच आशा पल्लवित झाली; परके मूत्रपिंड शरीर नाकारते, पण एकाच बीजापासून झालेल्या जुळ्याचे नाकारणार नाही. दोघे तसेच जुळे आहेत का, हे पाहण्यासाठी बोटांचे ठसे जुळवले, एकाची त्वचा दुसऱ्याला लावून पाहिली. ती टिकली. निरोगी रोनाल्डवर निष्कारण सुरी चालवायची का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांना छळत होता. मूत्रपिंड देण्याचा निर्णय शेवटी रोनाल्डनेच घेतला.

शस्त्रक्रियेनंतर रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला, संसार केला, दोन मुलांचा बाप झाला. रोनाल्ड 2010 पर्यंत हयात होता. 1959 मध्ये मेरिल, मरे आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या नसलेल्या जुळ्यांमध्येही, किरणोत्साराने प्रतिकारशक्ती दाबून, प्रत्यारोपण यशस्वी केले.