‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ : जावातील वर्तनाधारित चाचणीचा इतिहास व लासलगावचा कांदा-व्यवहार

प्रास्ताविक : नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात वसलेले लासलगाव ही कांद्याची अग्रगण्य बाजारपेठ होय. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९४७ साली झाली. लिलाव, वजन, हिशेबपट्टी व रकमेची चुकवणी हा येथील व्यवहाराचा क्रम होय. असा हिशेब संगणकावर होऊ लागला की तो नियमाप्रमाणे होतो किंवा नाही, हे कोणत्या भाषेत तपासावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. वर्तनाधारित चाचणीचा उगम याच प्रश्नात आहे.

चाचणीकडून वर्तनाकडे : केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये ‘जेयुनिट’ हे साधन रचले आणि जावा आज्ञावलीची चाचणी आज्ञावलीतूनच घेणे सुलभ झाले. मात्र त्या चाचण्या आज्ञावलीकारालाच वाचता येत. ख्रिस स्टीव्हन्सन यांच्या ‘अ‍ॅजाइलडॉक्स’ने चाचण्यांच्या नावांची साधी वाक्ये करून दाखविली. त्यातून डॅन नॉर्थ यांना सूत्र गवसले. ‘चाचणी’ हा शब्दच गोंधळ माजवितो, त्याऐवजी ‘वर्तन’ म्हणावे, असे त्यांचे मत झाले. २००३ च्या अखेरीस त्यांनी जावासाठी ‘जेबिहेव्ह’चे काम सुरू केले. पुढे ख्रिस मॅट्स यांच्यासमवेत पूर्वस्थिती, घटना व फलित अशी त्रिपदी वाक्यरचना ठरली. २००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय यांनी रुबी भाषेत ‘क्युकंबर’ आणले. २०१२ मध्ये त्याची जावा आवृत्ती स्थिरावली.

मराठी शब्दयोजना : क्युकंबरच्या ‘गर्किन’ या लेखनपद्धतीत मराठीचाही समावेश आहे. प्रकल्पात ‘मेव्हन’द्वारे क्युकंबर जोडावे, चाचणी-साधनांच्या कप्प्यात वर्तनाची फाईल ठेवावी, तिच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचे नोंदवावे आणि प्रत्येक वाक्यामागे जावातील एक पद्धत बांधावी, एवढीच मांडणी लागते. फाईल युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) जतन करणे अगत्याचे. अन्यथा देवनागरीचे कडबोळे होते.

कल्पित उदाहरण असे : ‘दिलेल्या प्रमाणे शेतकऱ्याचा २० क्विंटल कांदा १५०० रुपये भावाने विकला गेला आहे, जेव्हा हिशेबपट्टी तयार होते, तेव्हा ३०,००० रुपयांतून अडत वजा होत नाही.’ या वाक्यामागे इतिहास आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. लासलगावही त्यातून सुटले नाही. असा नियम आज्ञावलीच्या पोटात दडून राहिला, तर बदल झाला की नाही हे शेतकऱ्याला पट्टी हाती आल्यावरच कळणार. वरील वाक्य मात्र बाजार समितीचा कारकूनही वाचून ‘हे चूक’ म्हणू शकतो.

‘जेव्हा–तेव्हा’ ही जोडी मराठीच्या मूळ घडणीतली असल्याने ही त्रिपदी येथे इंग्रजीहूनही सहज बसते. याउलट पूर्वस्थितीसाठी दिलेला ‘जर’ हा पर्यायी शब्द सदोष वाटतो. ‘जर’मध्ये शंका आहे, आणि येथे तर कांदा विकला गेलाच आहे. ‘परिदृश्य’ हा शब्दही पुस्तकी आहे. बाजारात त्याला ‘प्रसंग’ म्हणतील.